आईचं घर, चौथा मजला

३ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

नोकरी गेली.

दहा-दहा जणांना आत बोलावत होते. लतिका मॅडम हातातल्या कागदाकडे बघूनच बोलल्या. मोबाईल स्वस्त होत चाललेत, आता पेजर कोण बाळगणार, कंपनीचा नाइलाज आहे वगैरे. एका महिन्याचा पगार लिफाफ्यात घालून दिला. हेडफोन परत घेतला, तोही वायर तपासून.

तीन वर्षं लोकांचे निरोप कानाने ऐकले आणि टाईप केले. इंग्रजी दहावीपुरतंच, पण स्पेलिंगसाठी कधी बोलणी खाल्ली नाहीत. आजचा शेवटचा निरोप एका बाईचा, नवऱ्यासाठी — ‘मम्मी को इंजेक्शन लग गया. टेन्शन मत लेना.’ तो पाठवला आणि उठलो.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुपारच्या बस इतक्या रिकाम्या असतात हे माहीत नव्हतं.

४ नोव्हेंबर

कर्जाचा हिशेब कागदावर मांडायला बसलो होतो. मांडला नाही. पाठच आहे.

सगळ्यात मोठं म्हणजे हे घर. पहाडगंजच्या एका खोलीत वीस वर्षं काढून बाबांनी वैशालीत हा फ्लॅट बुक केला. चौथा मजला, दोन खोल्या, गॅलरी. ताबा मिळाल्यावर आठ महिन्यांत बाबा गेले. मी बारावी अर्धवट टाकून कामाला लागलो आणि हप्ते माझ्या अंगावर आले. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे माझ्या सहीचे पुढच्या तारखांचे चेक आहेत. दर महिन्याला एक बँकेत जातो. ऑगस्टपासून पगार अर्धाच मिळत होता, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दोन परत आले.

दुसरं, बहिणीच्या, अबोलीच्या लग्नासाठी मराठी पतपेढीतून काढलेलं. त्याला बाबांचे मित्र शांतारामकाका जामीन आहेत. मी चुकलो तर त्यांच्या पेन्शनवर येईल. म्हणून लिफाफ्यातले पैसे आधी तिकडे जाणार, उरलेल्यातून घराचा नोव्हेंबरचा चेक वटेल.

फ्रिज आणि टीव्ही हप्त्यांवर. वाण्याची उधारी. बस.

आई अबोलीच्या बाळंतपणासाठी सप्टेंबरपासून नाशिकला आहे. पंधरा डिसेंबरला परत येणार. तोवर काहीतरी मिळायला हवं. तिला यातलं काही कळता कामा नये. तिच्याकडे आता या घराशिवाय आहे काय?

८ नोव्हेंबर, रविवार

एसटीडी बूथवरून आईला फोन केला. रविवारी दर कमी असतो. मीटरचे लाल आकडे पळत असतात, त्यामुळे मी भरभर बोलतो. आईला वाटतं मी घाईत आहे.

“जेवतोस ना नीट?”

“हो.”

“कांदा तिकडे किती आहे रे? इथे आग लागलीय नुसती.”

“इथेही तेच.” कांदा मी दिवाळीपासून आणलेला नाही.

“बाळाचं बारसं लांबलंय. अंशुमनरावांच्या आत्या यायच्यात. मी डिसेंबरअखेर येईन म्हणते.”

मी म्हटलं, “चालेल.” फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मला बरं वाटलं होतं. आई येणार नाही याचं बरं वाटलं!

१२ नोव्हेंबर

गुडगावला एका नव्या ऑफिसात टायपिंगची परीक्षा दिली. एकही चूक नाही. बाईंनी “व्हेरी गुड” म्हणून फॉर्म उलटला आणि विचारलं, ग्रॅज्युएशन कुठून? मी म्हटलं, बारावी. त्या म्हणाल्या, “पास?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

जायला तीन बस, यायला तीन.

१५ नोव्हेंबर

आईला पत्र लिहिलं. घराबद्दल तिने काहीच विचारलं नव्हतं, म्हणून मीच लिहिलं. पाणी आता दोन्ही वेळा चौथ्या मजल्यापर्यंत चढतं. स्वयंपाकघरात फळीच्या जागी कपाट करून घेणार आहे. बाहेरच्या खोलीला फिकट पिवळा रंग काढायचं ठरवलंय, तुला चालेल ना?

पाणी पूर्वीसारखंच पहाटे एकदा येतं, तेही तळमजल्यावरून बादलीने आणावं लागतं.

पत्र वाचून मलाच घर आवडलं.

२१ नोव्हेंबर

आज कोणाशीही बोललो नाही. दूधवाल्याला “कल से आधा लीटर” एवढंच म्हणालो. ते बोलणं धरायचं का?

पूर्वी कानात दिवसभर माणसं असायची. कोणाला मुलगी झाली, कोणाचं पार्सल अडकलं, कोणी कोणाला ‘सॉरी’ म्हटलं. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण होती.

२९ नोव्हेंबर

मुनिरकात थोडं काम मिळालं. विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध टाईप करून देणारं दुकान आहे. पानाला चार रुपये. विष्णू म्हणून मालक आहे, माझ्याच वयाचा. म्हणाला, “टाइम पे आओगे तो काम है, नहीं आओगे तो भी काम है, किसी और के लिए.” स्वतःच हसला. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

बसभाडं जाऊन जे उरतं त्यात वाणी शांत राहील. घराचा हप्ता निघणार नाही.

५ डिसेंबर

आजचा चेकही परत जाणार. बँकेत जाऊन बघितलं नाही. बघून काय होणार?

९ डिसेंबर

फ्रिज नेला. दोघे आले होते, उर्मट नव्हते. एकाने आतलं दूध काढून ओट्यावर ठेवलं, वर ताटली झाकली. म्हणाला, “सर्दी है भाईसाहब, बाहर भी नहीं फटेगा.” दुसरा जिन्यात म्हणाला, “चौथी मंज़िल वालों को फ्रिज देना ही नहीं चाहिए.”

दुसऱ्या मजल्यावर सेठी आंटी दारात उभ्या होत्या. “रिपेयर के लिए जा रहा है, बेटा?” मी हो म्हटलं. “दोनों जने ले जा रहे हैं, बड़ी खराबी होगी,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांना कळलं की नाही, कळत नाही.

१३ डिसेंबर, रविवार

कमेटीचा दिवस. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सेठी आंटींकडे. आपल्याकडे भिशी म्हणतात तीच. वीस माणसं, दरमहा हजार, वीस हजारांची रक्कम दर वेळी एकाने उचलायची. फरक एवढाच की इथे चिठ्ठी काढत नाहीत, बोली लागते. ज्याला पैसे हवेत तो सांगतो, मी इतका तोटा सोसतो. सगळ्यात जास्त तोटा सोसेल त्याला रक्कम मिळते आणि तोट्याचे पैसे सगळ्यांना वाटून त्या महिन्याची वर्गणी कमी होते.

आई जायची तेव्हा गप्प बसून यायची. म्हणायची, शेवटपर्यंत थांबायचं, तोटा लागत नाही. माझी गरज असेल तेव्हा बोलू, असंही म्हणायची. आता तिच्या जागी मी जातो.

आज दोन हजारांवर सुटली. सतरंजीवर बसल्याबसल्या मनात आकडे येत होते. पण बोली लावली की सगळ्या ब्लॉकला कळतं, याला पैशांची नड आहे. तोटा जेवढा मोठा तेवढी नड मोठी. दवंडीच ती. बोललो नाही. शेंगदाणे खाऊन आलो.

वर्गणीसाठी आईची चांदीची वाटी पहाडगंजला मोडली होती. तिला सांगताना काय सांगू, ते अजून ठरलेलं नाही.

२४ डिसेंबर

नोटीस आली. सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर आणि येणारा जानेवारी असे चार हप्ते, वर दंड, मिळून अकरा हजार तीनशे. एकतीस जानेवारीपर्यंत भरले नाहीत तर घराचा ताबा घेणार.

तीनदा वाचली. माझ्या नावातला ‘श’ त्यांनी ‘स’ केलाय. क्षणभर वाटलं, मग ही माझी नसेल.

२७ डिसेंबर, रविवार

आईला फोन. ती आज निघणार होती, त्याआधीच तिचं पत्र आलं होतं — तिकडची थंडी सोसवणार नाही, संक्रांतीनंतर येते.

मी म्हटलं, “बरोबर आहे. धुकं फार आहे, गाड्या आठ-आठ तास लेट.”

“तू एकटा कंटाळत नाहीस ना?”

“छे. घरात कामं काढलीत ना. रंग छान बसलाय. तुझी ती कोपऱ्यातली जागा आहे ना, देवाची, तिथे लाकडी चौकट करून घेतोय.”

मला वाटलं लाइन तुटली. मग आई म्हणाली, “कशाला रे एवढं करतोस.”

“तुझ्यासाठीच ना,” मी म्हटलं.

“हं,” म्हणाली. मागे बाळ रडत होतं. फोन ठेवला तिने.

२ जानेवारी १९९९

नवीन वर्ष. मुनिरकाचं दुकान आठवडाभर बंद, मुलं सुट्टीवर. पांघरुणात बसून होतो.

शांतारामकाकांना भेटून यावं असं मनात आलं. मग वाटलं, जामीन राहिलेल्या माणसाच्या दारात अशा वेळी गेलो की त्यांना धसकाच बसेल. गेलो नाही.

६ जानेवारी

ठरवलं. रविवारी बोली लावायची. माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. साधारणपणे दोन-तीन हजारांवर सुटते. मी चारपर्यंत जाईन. अगदीच वेळ आली तर आठ. आठच्या पुढे नाही. उरलेले महिने वर्गणी भरत राहावी लागेल ती वेगळीच.

आरशासमोर एकदा म्हणून बघितलं. “चार हज़ार.” आवाज बारीक आला.

१० जानेवारी, रविवार

हात अजून गार आहेत. सावकाश लिहितो.

अकरा वाजता सगळे जमले. आंटींनी रेवड्या ठेवल्या होत्या, लोहडीचा सण जवळ आला म्हणून. त्या म्हणाल्या, “हां जी, किसको ज़रूरत है इस बार?” नेहमीसारखं कोणीतरी हजार म्हटलं, कोणी पंधराशे. मी म्हटलं, “चार हज़ार.” एवढी उडी कोणी मारत नाही. दोन हजार म्हणायला हवं होतं, हे तोंडातून गेल्यावर कळलं. बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

मग मागून आवाज आला, “साढ़े चार.”

हरिदासजी. तळमजल्यावरचे. साहिबाबादला कारखान्यात सुपरवायझर आहेत, रोज सकाळी स्कूटर पुसून निघतात. कमेटीत आजवर त्यांनी तोंड उघडलेलं मला आठवत नाही.

मी पाच म्हटलं. ते साडेपाच. मी सहा. आंटी म्हणाल्या, “ओ जी, आराम से. घर का पैसा है.” कोणीतरी हसलं. मिसेस त्यागी हळूच म्हणाल्या, “लगने दो ना, हमारा तो फ़ायदा है.” तेही खरंच होतं. आमच्या प्रत्येक बोलीबरोबर बाकी अठरा जणांची वर्गणी उतरत होती. खोलीत कसा सणासारखा उत्साह आला होता.

साडेसात त्यांचे. आठ माझे. ते म्हणाले, “आठ हज़ार दो सौ.”

मी थांबायचं ठरवलं होतं ती जागा मागे गेली होती. त्यांच्याकडे बघितलं. मफलर गळ्याशी घट्ट, डोळे जमिनीवर. त्यांच्या अंगठ्याचं नख रेवडीवर सारखं घासत होतं. मला त्या क्षणी समजलं. त्यांचाही कारखाना बंद असणार. स्कूटर पुसून तेही मी जातो तसेच कुठेतरी जातात.

तरी मी म्हटलं, “साढ़े आठ.”

त्यांनी रेवडी खाली ठेवली. आंटींनी तीनदा विचारलं. मग टाळ्या वाजल्या. “इस महीने पाँच सौ पचहत्तर ही देने हैं सबको!” मिसेस त्यागींनी मला रेवडी दिली. “जीता रह बेटा.”

वीस हजारांचे साडेअकरा हजार झाले. रक्कम उचलणाऱ्याला कमेटीतलाच एक जामीन लागतो, म्हणजे त्याने पुढे वर्गणी बुडवली तर भरणारा. आंटींनी विचारलं, “हरीश की ज़मानत कौन देगा?” सगळ्यांना एकदम चहा आठवला. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

“मैं देता हूँ,” हरिदासजी म्हणाले.

सही करताना मी जवळ गेलो. हळूच म्हटलं, “आप क्यों?”

ते म्हणाले, “और कौन देगा? जिसको पता है वही देगा ना.” सही केली आणि निघून गेले. रेवडी तिथेच राहिली.

११ जानेवारी

आंटी वर आल्या. दोन मजले चढायची त्यांची सवय गेली आहे, दारातच बसल्या. फ्रिजच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

“नौकरी कब गई?”

“नवंबर में.”

“माँ को पता है?”

मी मान हलवली, नाही.

“पागल है तू.” मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, “दीवारों का रंग तो वही है. प्रभा बता रही थी चिट्ठी में, पीला करवाया है.”

म्हणजे आई त्यांना पत्र लिहिते. मला माहीत नव्हतं. कोणत्या भाषेत लिहिते? तिला हिंदी लिहिता येतं हेही मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “आंटी, प्लीज़, मत बताना.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देण्याएवढंही कोणी नाही. दुकानातून एक वडी आणली आणि खाल्ली.

१९ जानेवारी

जिन्यात हरिदासजी भेटले. मी थांबलो. म्हटलं, तुम्हाला किती हवे होते? ते म्हणाले, “छोड़िए. बच्चों की फ़ीस थी. स्कूटर बेच दी.” मग म्हणाले, “आप बस कमेटी भरते रहिएगा, हरीश बाबू.”

मी शब्द दिला. फेब्रुवारीपासून मुनिरकाला रविवारीही जाणार.

२८ जानेवारी

पैसे भरले. खिडकीवरच्या माणसाने दोनदा मोजले, शिक्का मारला, पावती सरकवली. काही म्हणाला नाही. मला वाटलं होतं काहीतरी म्हणेल.

घर वाचलं. निदान या खेपेला. फेब्रुवारीचा हप्ता पाच तारखेलाच आहे म्हणा.

येताना चुना आणि पिवळा रंग घेतला. थोडाच. आईची कोपऱ्यातली भिंत तरी पिवळी करून ठेवतो. आता ती आली तरी चालेल. यावी.

३० जानेवारी

कोपरा रंगवून झाला. रंग जरा गडद आलाय. वाळल्यावर फिकट होईल असं दुकानदार म्हणाला होता.

३१ जानेवारी, रविवार

आंटींनी खालून हाक मारली, नाशिकहून फोन. त्यांनी सगळं सांगितलं होतं तिला. आई रागावली नाही. मी म्हटलं, घर वाचलंय, काळजी करू नकोस.

ती म्हणाली, “हरीश, विकून टाक ते घर. मला तिथे यायचं नव्हतं रे. दिवसभर एकटी त्या भिंती बघत बसायचे, आणि तू आलास की तूही भिंतींबद्दलच बोलायचास. पत्रांतून एवढ्या हौसेनं लिहीत होतास, मग मी कसं सांगू?” तिने डिसेंबरपासून तिकडे एक खोली भाड्याने घेतलीय. बँकेतल्या चार मुलींचे डबे करते. “जागा लहान आहे. दोघांना पुरेल. बघ, तुला यायचं असेल तर.”

मी म्हटलं, कमेटी संपेपर्यंत नाही येता येणार, हरिदासजी जामीन आहेत. ती म्हणाली, “मग ते फेडून ये.”

वर आलो. रंग अजून ओला आहे. मला तरी हे घर आवडतं का? कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.